आठ हेडसेट, साठ मुलं आणि एक षटकोनी प्रिझम

शीट_नंबर_४ | ३ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवते. गेल्या वर्षी मानांकनाची समिती यायच्या तोंडावर आमच्याकडे आठ व्हीआर (आभासी जग दाखवणारे) हेडसेट आले. समितीतल्या एकांनी डोक्याला लावून बघितला, "अरे वा" म्हणाले, फोटो निघाला, फोटो माहितीपत्रकात गेला आणि हेडसेट कपाटात गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, एवढाच माझा या विषयातला अधिकार. आता वरून निरोप आलाय, "वापर दाखवा." करा नव्हे, दाखवा.

मी म्हटलं, दाखवायचाच आहे तर खरंच करून बघू. विषय घेतला 'प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्स', कारण दरवर्षी गाडी तिथेच अडते. ज्यांनी एफई (अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष) केलंय त्यांना हे वाक्य झोपेतही म्हणता येईल: षटकोनी प्रिझम, पायाची बाजू ३० मिमी, अक्ष ७० मिमी, पायाच्या एका कडेवर एचपीवर (आडव्या पातळीवर) टेकलेला, अक्ष एचपीशी ४५ अंशात. अर्ध्या वर्गाच्या डोळ्यांसमोर हा प्रिझम उभाच राहत नाही. मग ती मुलं पायऱ्या पाठ करतात. पेपरात 'कडेवर'ऐवजी 'कोपऱ्यावर' आलं की खेळ खलास.

दोन रविवार घालवून ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिझम केला, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, गुडघ्याएवढा उंच. वीस जणांची बॅच. आठांपैकी दोन हेडसेट चार्जच होईनात, उरले सहा. सेमिनार हॉलच्या खुर्च्या भिंतीला लावल्या. मुलं प्रिझमभोवती फिरली, वरून वाकून बघितलं, फ्रंट व्ह्यूसाठी एक पठ्ठ्या तर फरशीवर आडवा झाला. मी मनात म्हटलं, जमलं.

मग शीटवर काढायला बसवलं. टॉप व्ह्यूमध्ये पाच-सहा जणांनी खालचा षटकोन वरच्यापेक्षा लहान काढला! लांब कडा रेल्वेच्या रुळांसारख्या एकमेकींकडे झुकलेल्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तिथे तसंच दिसत होतं."

ती खरंच बोलत होती. हेडसेटमध्ये सगळं डोळ्याला दिसतं तसंच दिसतं, लांबचं लहान. ड्रॉइंगमध्ये आपण काढतो ते समांतर किरणांचं चित्र. ते कुणाच्याच डोळ्याला कधी दिसत नाही. म्हणजे दोन रविवार खर्चून मी मुलांना नेमकं नको तेच शिकवलं.

कुणी या गोष्टी वर्गात खरोखर वापरल्यात का? कुठे उपयोग झाला, कुठे फसलं? 'भविष्य आहे मॅडम' असे प्रतिसाद नकोत, ते विक्रेत्याने देऊन झालेत.

---

एसई_मेक_बी | ३ सप्टेंबर, रात्री १०:३१

मॅडम, आमच्या कॉलेजातही व्हीआर लॅब आहे. दार काचेचं आहे, बाहेरून छान दिसते.

---

अर्धवट_अभियंता | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

मी चाकणच्या बाजूला कारखान्यांसाठी प्रशिक्षणाची अशी मोड्यूल्स करतो. म्हणजे याच धंद्याचं खातो, तरी खरं सांगतो. आमच्या गिऱ्हाइकांपैकी जे शहाणे आहेत ते एकच प्रश्न विचारतात: खऱ्या वस्तूजवळ माणूस नेता येतो का? येत असेल तर हेडसेट कशाला?

जिथे नेता येत नाही, तिथे मात्र याला तोड नाही. उच्च दाबाच्या विजेचं पॅनेल घ्या. आधी ब्रेकर उघडायचा, मग आयसोलेटर (जोडणी वेगळी करणारा स्विच), मग अर्थ स्विच, मग कुलूप आणि टॅग. आयसोलेटर भार तोडण्यासाठी बनलेलाच नसतो. भार चालू असताना तो ओढला की आर्क पेटतो. हे फळ्यावर लिहून दिलं की पोरं जर्नलमध्ये उतरवून घेतात आणि विसरतात. हेडसेटमध्ये आम्ही त्यांना चुकू देतो. घाईत आयसोलेटर ओढला की पांढरा लोळ, कानठळ्या, आणि मग काळा पडदा. एक अनुभवी वायरमन, वीस वर्षं काम केलेला, हेडसेट काढून दोन मिनिटं नुसता बसून राहिला होता. म्हणाला, "हात आपोआप तिकडेच गेला हो."

तुमचा प्रिझम लाकडाचा पाऊणशे रुपयांत मिळतो. तो हातात घेता येतो, त्याने कुणी मरत नाही. तो हेडसेटमध्ये कशाला घातलात?

अवांतर: ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर, खऱ्या दृश्यावर उमटवलेलं आभासी चित्र) हा शब्द गेमवाल्यांचा नाही, कारखान्यातला आहे. १९९० च्या सुमारास बोईंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल विमानातल्या तारांच्या जुडग्यांवर काम करत होते. कामगार मोठमोठ्या फळ्यांवर आकृती बघून तारा ओवत. प्रत्येक जुडग्याची फळी वेगळी. त्यापेक्षा कामगाराच्या डोळ्यांपुढेच आकृती उमटवली तर फळी एकच पुरेल, ही कल्पना, आणि तिलाच हे नाव मिळालं. त्याच्याही आधी १९६८ मध्ये आयव्हन सदरलँडने डोक्यावर घालायचा पडदा केला होता. तो इतका जड की छताला टांगावा लागे.

---

शीट_नंबर_४ | ३ सप्टेंबर, रात्री ११:२०

@अर्धवट_अभियंता, लाकडी प्रिझम आहेत हो. ट्रंकभर आहेत. पण लाकडाचा प्रिझम ४५ अंशात अधांतरी धरून ठेवायला माझा एक हात अडकतो आणि साठांपैकी पहिल्या बाकावरच्या आठ जणांना दिसतो. वायरमनचा किस्सा मात्र उद्या विद्युतवाल्या सरांना वाचून दाखवणार.

---

लॅबवाला_दादा | ४ सप्टेंबर, सकाळी ७:४८

ताई, मी लॅब असिस्टंट. हेडसेट आणायचा निर्णय कुणाचाही असो, पुसायचा मीच. म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी.

खिडकीजवळ ठेवू नका, आणि उन्हाकडे भिंगं करून तर मुळीच नका. भिंगातून ऊन एकवटून आतल्या पडद्यावर पडतं आणि जळका डाग कायमचा बसतो. आमच्याकडे एक असाच गेला. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तोच प्रकार.

चष्मेवाल्या मुलांसाठी आत मधला तुकडा बसवायचा असतो, तो खोक्यात असतो, लोक खोक्यासकट टाकून देतात. त्याशिवाय भिंगावर चरे पडतात.

खोबरेल तेल. याच्यावर उपाय नाही. फेसावर रेक्झिनचं कव्हर चढवा आणि प्रत्येक मुलानंतर पुसा. हे गृहीत धरलं तर एका मुलामागे दहा मिनिटांतली तीन जातात. सहा हेडसेट आणि वीस मुलं म्हणजे दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकाला जेमतेम पंचवीस-तीस मिनिटं. त्यात नेट गेलं आणि लॉगिन अडलं तर रामराम.

आणि हेडसेटमधल्या जगात मुलांना जॉयस्टिकने पुढे 'सरकत' नेऊ नका, एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी पोचू द्या. एसटीत घाटात पुस्तक वाचलं की कसं होतं? कानाला वळणं कळतात, डोळ्यांना पान स्थिर दिसतं. इथे उलट, डोळे म्हणतात चाललोय आणि कान म्हणतात जागेवरच आहोत. शेवटी पोटाला दोन्ही सारखंच. एक बादली जवळ असू द्या.

---

वाळूवाला | ४ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी स्थापत्य शाखेचा, सर्वेक्षण शिकवतो. व्हीआर जमलं नाही, पण एआर जमलं आणि तेही डोक्यावर काहीही न घालता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रायलॉस यांनी एआर सँडबॉक्स केला. त्याचं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. पेटीत वाळू. वर साधारण मीटरभर उंचीवर गेमवाला जुना किनेक्ट कॅमेरा, जो प्रत्येक बिंदूचं अंतर मोजतो. शेजारी प्रोजेक्टर. वाळू हाताने उकरा, ढीग करा, त्याच क्षणी तिच्यावर समोच्च रेषा (कंटूर, सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या) आणि रंग उमटतात. डोंगर तपकिरी, दरी निळी. वाळूवर पंजा पसरून धरला की त्याखाली पाऊस पडतो आणि पाणी उतारावरून वाहताना दिसतं.

माझी मुलं कंटूर शीट वर्षानुवर्षं काढत आलीत. दरीत कंटूरचं टोक चढाच्या दिशेने वळतं, हे त्यांना पाठ. का वळतं, ते विचारायची सोय नाही. पेटीपाशी एकाने बोटाने ओहोळ ओढला आणि सगळ्या रेषा वरच्या बाजूला चोच काढून वळल्या. तो बोट काढून घेई, वाळू सपाट करी, परत ओढी. असं चार-पाच वेळा. मी काहीच बोललो नाही. नंतर दोन डोंगरांमधली खिंड करायला सांगितली, तर रेषा दोन्हीकडे फाकलेल्या बघून एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर आमच्या गावचा घाट."

अडचणी आहेतच. संगणकाला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. लिनक्सशी आठवडाभर झुंज होते. कॅमेरा आणि प्रोजेक्टरची जुळणी चुकली की रेषा बोटभर बाजूला पडतात आणि मुलं पोट धरून हसतात. वाळू पांढरट हवी, क्रशरची राखाडी घेतली तर सगळे रंग मेलेले दिसतात. आणि किंचित ओली हवी, कोरडीला कडा उभी राहत नाही.

---

एसई_मेक_बी | ४ सप्टेंबर, दुपारी १:२२

सर, वाळूची पावती आहे का? 😄

---

वाळूवाला | ४ सप्टेंबर, दुपारी १:४०

@एसई_मेक_बी, अख्ख्या प्रकल्पात सगळ्यात अवघड तेच होतं, हसू नकोस.

---

जुना_खोडसाळ | ४ सप्टेंबर, रात्री ९:०२

मॅडम, एक कडू गोष्ट. फळा शंभर वर्षं टिकतो. गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला तेव्हा आम्हीही शंभर पुठ्ठे घेतले होते. २०२१ मध्ये गुगलने तो विकणंच थांबवलं. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २०१६ मध्ये आला, दुसरा २०१९ मध्ये, आणि २०२४ मध्ये उत्पादन बंद. परदेशातल्या विद्यापीठांनी त्यावर अभ्यासक्रम बसवले होते. आमच्या संस्थेने एकाकडून वर्गणीवर धडे घेतले. दुसऱ्या वर्षी वर्गणी भरली नाही, धडे गायब. यंत्र आहे, आत काही नाही.

त्यापेक्षा केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्स बघा. आयआयटी दिल्ली, आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी वगैरे संस्थांनी मिळून केलेल्या. साध्या ब्राउझरमध्ये चालतात, फुकट. दिसायला जुनाट आहेत, पण मूल घरी जाऊन रात्री अकरा वाजता तोच प्रयोग चौथ्यांदा करू शकतं. हेडसेट घरी देणार आहात का?

---

अर्धवट_अभियंता | ४ सप्टेंबर, रात्री ९:३०

@जुना_खोडसाळ, सहमत. आणि भर घालतो. मक्रान्स्की, टेरकिल्डसेन आणि मेयर यांचा २०१९ मधला एक निबंध आमच्या धंद्यात सगळ्यांनी वाचायला हवा, कुणी वाचत नाही. विद्यापीठातली ५२ मुलं, विज्ञानाच्या प्रयोगशाळेचं एकच सिम्युलेशन, एकदा साध्या पडद्यावर आणि एकदा हेडसेटमध्ये. हेडसेटमध्ये मुलांना आपण 'तिथेच आहोत' असं जास्त वाटलं आणि ती शिकली मात्र कमी. मेंदूच्या लहरीही मोजल्या होत्या, हेडसेटमध्ये मेंदूवर ताण जास्त. जत्रेत नेऊन पाढे विचारल्यासारखं आहे हे.

---

काचेपलीकडे | ५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

ताई, तुमच्या मूळ अडचणीवर सोपा उपाय. प्रिझमसमोर एक आभासी काच उभी करा, प्रत्येक कोपऱ्यातून काचेला लंब रेषा सोडा, त्या जिथे टेकतील तिथे ठिपके. ठिपके जोडले की फ्रंट व्ह्यू तयार.

---

फिटरकाका | ५ सप्टेंबर, सकाळी ११:३५

वरच्या काचवाल्या भावा, तुझी काच वस्तू आणि बघणाऱ्याच्या मध्ये आली. तो थर्ड अँगल झाला. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात. त्यात वस्तू मध्ये आणि पडदा तिच्या मागे. काच नव्हे, भिंत.

मी बत्तीस वर्षं वर्कशॉपला काढली, आता घरी असतो. हेडसेट मला नातवाने एकदा लावला, मी खुर्चीवरून पडलो, तो विषय संपला. पण पोरी, तुझा प्रश्न यंत्राचा नाही. फर्स्ट अँगल म्हणजे सावली. मागच्या भिंतीवर पडलेली सावली. आणि समांतर किरणांचा दिवा फुकट मिळतो, रोज सकाळी उगवतो.

आम्ही काय करायचो सांगतो. सोळा गेजची तार घ्यायची, प्रिझमच्या सगळ्या कडा तारेने करायच्या, सांधे ब्रेझिंगने (पितळी झाळकामाने). नुसता ठोकळा धरलास तर सावलीत बाहेरचीच रेघ मिळेल, तारेचा धरलास तर सगळ्या कडा दिसतील. मग एक पांढरी फळी घ्यायची, तिच्या मधोमध खिळा सरळ ठोकायचा. फळी उन्हात धरून हलवत राहायची. खिळ्याची सावली आखूड होत होत त्याच्याच पायाशी नाहीशी झाली की समजायचं, किरण फळीला लंब पडले. आता तारेचा प्रिझम मध्ये धर. फळीवर पडेल तो तुझा व्ह्यू. जवळ ने, लांब ने, माप बदलत नाही. तुझ्या त्या पोरीचा खालचा षटकोन लहान होणार नाही.

तुटक रेषा (मागे झाकलेली कड) कुठली ते मात्र सावली सांगणार नाही. तिथे डोकं लागतं.

---

शीट_नंबर_४ | ५ सप्टेंबर, दुपारी १२:०२

काका. मी अकरा वर्षं शिकवतेय आणि फर्स्ट अँगल म्हणजे सावली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उघडी वही उभी धरून एचपी-व्हीपी (आडवी आणि उभी पातळी) दाखवते, वही उलगडली की टॉप व्ह्यू खाली येतो, तेही दाखवते. पण सावली! वर्कशॉपमधून तार मागवतेय.

---

मिशिगनकर | ५ सप्टेंबर, रात्री ११:५०

उशिरा आले. मी अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठातून एम. एस. केलं, त्यामुळे हे नाव तिथे कानावरून गेलेलं. शेरिल सॉर्बी. त्यांना स्वतःला विद्यार्थी असताना ग्राफिक्स, म्हणजे हेच ड्रॉइंग, अवघड गेलं होतं. पुढे त्या तिथेच शिकवू लागल्या आणि १९९३ मध्ये बेव्हर्ली बार्टमन्स यांच्याबरोबर त्यांनी त्रिमितीय कल्पनाशक्तीचा वेगळा छोटा कोर्स सुरू केला. पहिल्या वर्षाच्या मुलांची परडू विद्यापीठातली चाचणी घ्यायची, ठोकळा असा फिरवला तर कसा दिसेल, या प्रकारची. जे मागे पडतील त्यांना हा कोर्स. मागे पडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त असायचं, आणि कोर्सनंतर त्या सावरायच्या. म्हणजे 'हिला दिसतच नाही' हा जन्मजात प्रकार नाही, सरावाचा आहे.

त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट: नुसतं संगणकावर ठोकळे फिरवून विशेष साधलं नाही, पेन्सिलने कागदावर काढण्यानेच फरक पडला. तेव्हा हेडसेटमध्ये काहीही दाखवा ताई, पण हातातली पेन्सिल काढून घेऊ नका.

---

शीट_नंबर_४ | २१ सप्टेंबर, रात्री १०:४०

धागा वर आणतेय, कारण हिशेब द्यायचा राहिला होता.

तारेचा प्रिझम केला. ब्रेझिंग आमच्या वर्कशॉपच्या शिंदेमामांनी... असो, मामांनी करून दिलं आणि वर विचारलं, "हे लग्नाचं रुखवत आहे का?" फळी, खिळा, सगळं घेऊन पहिली बॅच गच्चीवर नेली. खिळ्याची सावली नाहीशी करायला मुलांत भांडणं झाली. प्रिझमची सावली पडली आणि वर्ग चिडीचूप. जी मुलगी "तसंच दिसत होतं" म्हणाली होती, तिने पट्टी काढून सावलीतल्या दोन्ही षटकोनांच्या बाजू मोजल्या. सारख्या. पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे डोळे खोटं बोलतात." मी म्हटलं, डोळे बरोबर आहेत, शीट वेगळ्या माणसाची आहे, जो अनंत अंतरावर उभा आहे.

दुसरी बॅच बुधवारी. बुधवारी ढग. गुरुवारी पाऊस. शुक्रवारी पाऊस. काका, तुमचा फुकटचा दिवा रोज उगवत असेल, दिसत मात्र नाही. पहिलं सत्र पावसातच सुरू होतं हे तुम्ही विसरलात.

म्हणून मी परत कपाट उघडलं. युनिटीत एक 'डिरेक्शनल लाइट' असतो, त्याचे किरण समांतर असतात. इतके दिवस तो माझ्या दृश्यात नुसता उजेडासाठी होता. मी ठोकळ्याच्या जागी काठ्यांचा प्रिझम ठेवला, मागे एक भिंत, खाली जमीन, आणि एकाऐवजी दोन दिवे, एक समोरून आणि एक वरून. समोरच्याची सावली व्हीपीवर, वरच्याची एचपीवर. उन्हात एका वेळी एकच मिळते, इथे दोन्ही. आणि एक बटण दिलं. ते दाबलं की जमीन दाराच्या बिजागरीसारखी खाली वळते आणि टॉप व्ह्यू आपोआप फ्रंट व्ह्यूच्या खाली येऊन बसतो. वही उलगडतात तसाच, फक्त सावल्यांसकट. हे मला लाकडाने, तारेने, उन्हाने करता आलं नसतं.

@मिशिगनकर, तुमचं ऐकून पाच मिनिटं हेडसेट आणि मग लगेच ड्रॉइंग शीट, असं लावलं. लहान षटकोन कुणीच काढला नाही. तुटक रेषा मात्र निम्म्यांच्या चुकल्या, त्या फळ्यावरच शिकवल्या. दोन मुलांना गरगरलं, बादली लागली नाही. वरच्यांना वापराचा फोटो पाठवला, त्यांनी विचारलं फोटोत सगळ्यांच्या हातात पेन्सिली का आहेत.

@लॅबवाला_दादा, रेक्झिनची कव्हरं मिळाली. खोबरेलपुढे ती पण हरली.

---

फिटरकाका | २२ सप्टेंबर, सकाळी ६:१५

भिंतीत खिळा ठेवलास का?

---

शीट_नंबर_४ | २२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

ठेवलाय काका. दोन्हीकडे. दिवा तिरका केला की त्याची सावली लांब होते, मुलांनी स्वतः आणून जागेवर बसवायची.